मेलबर्नमधील आकस्मिक मृत्यू, आग आणि कोरोनरचे अधिकार

आई-वडिलांना घेऊन मेलबर्नला स्थायिक होण्याच्या तयारीत असताना, तेथे घरात कोणाचा अचानक मृत्यू झाला किंवा घराला आग लागली, तर कोरोनर (आकस्मिक मृत्यू आणि आगींचा तपास करणारा अधिकारी) नेमके काय करतो आणि कुटुंबाच्या हाती काय उरते, असे आपण विचारले आहे. प्रश्न अशुभ वाटला तरी तो निघण्यापूर्वी विचारलात हे योग्य झाले.

मुंबईतील कोरोनरचे पद १९९९ मध्ये संपुष्टात आले. आता आपल्याकडे पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात आणि तपास बहुतांशी त्यांच्याच हाती राहतो. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तेथे मात्र २००८ च्या कोरोनर कायद्यानुसार ही सूत्रे न्यायिक अधिकाऱ्याकडे असतात आणि पोलीस त्याच्यासाठी पुरावे गोळा करतात. मृत व्यक्ती कोण, मृत्यू कशाने आणि कोणत्या परिस्थितीत झाला, एवढेच कोरोनरने ठरवायचे असते. अमुक व्यक्ती गुन्ह्यास दोषी आहे असे निष्कर्षात लिहिण्यास त्याला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे पोलिसांनी घरी येऊन औषधांच्या बाटल्या ताब्यात घेतल्या किंवा जबाब नोंदवला, तर तो आपल्यावरील संशय समजू नये.

प्रत्येक मृत्यू त्याच्यापुढे जात नाही. अनपेक्षित, हिंसक, अपघाती किंवा दुखापतीमुळे झालेला मृत्यू, कोठडीतील मृत्यू आणि ज्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोणी डॉक्टर देत नाही असा मृत्यू कळवावाच लागतो. वृद्ध व्यक्ती पडून खुब्याचे हाड मोडले आणि त्यातून काही आठवड्यांनी रुग्णालयात मृत्यू झाला, तरी मूळ कारण दुखापत असल्याने तोही यात मोडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उलट, जुन्या आजाराने मृत्यू झाला आणि रुग्णाला ओळखणारा डॉक्टर कारण लिहून देऊ शकला, तर कोरोनरचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. म्हणून पोहोचल्यावर आई-वडिलांसाठी एकच कायमचा फॅमिली डॉक्टर निवडावा आणि येथील वैद्यकीय कागदपत्रे त्याच्याकडे द्यावीत, असा माझा आग्रह आहे.

कळवलेल्या मृत्यूत मृतदेह न्यायवैद्यक संस्थेत नेला जातो. तेथे आधी बाह्य तपासणी आणि सीटी स्कॅन होते आणि तेवढ्यावर कारण स्पष्ट झाल्यास शवविच्छेदन टळू शकते. शवविच्छेदनाचा आदेश निघाल्यास सर्वांत जवळच्या वारसाला, सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत, फेरविचाराची मागणी करता येते आणि कोरोनर ठाम राहिल्यास सर्वोच्च राज्य न्यायालयात जाता येते. हा वारस म्हणजे प्रथम पती किंवा पत्नी, त्यानंतर सज्ञान अपत्य. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, त्यामुळे भावंडांनी आपसांत आधीच बोलून ठेवलेले बरे. धार्मिक कारण असेल तर ते पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगावे, कारण ४८ तास फार लवकर सरतात.

आगीच्या बाबतीत कोरोनरचा अधिकार अधिक व्यापक आहे: कोणाचाही जीव गेला नसला, तरी सार्वजनिक हिताचे वाटल्यास तो आगीचे कारण आणि उगम तपासू शकतो. अग्निशमन दलाने विनंती केली तर, ती सार्वजनिक हिताविरुद्ध नसल्यास, तपास करणे त्याला बंधनकारकच असते. तो जागेवर प्रवेशबंदी घालू शकतो आणि पोलिसांना तेथे शिरून वस्तू जप्त करण्याचा अधिकार देऊ शकतो, त्यामुळे परवानगी मिळेपर्यंत जळके सामान हलवू नये. होरपळलेल्या मृतदेहाची ओळख दात किंवा डीएनएवरून पटवावी लागल्यास अंत्यविधीला विलंब होतो. फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ जण मरण पावले, तेव्हा कुटुंबांना हीच प्रतीक्षा करावी लागली.

बहुतेक प्रकरणे उघड सुनावणीविना, कागदपत्रांवरच निकाली निघतात, मात्र त्यास अनेक महिने लागू शकतात. विमा किंवा बँकेचे काम तोवर अडू नये म्हणून कारण प्रलंबित असलेले अंतरिम मृत्यू प्रमाणपत्र मागून घ्यावे.