पहिल्या तासाला गोष्ट सांगू नकोस

तू शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’ हे चित्रकथेचं पुस्तक आठवीच्या वर्गात घेणार आहेस हे कळलं, फार बरं वाटलं. एकच कळकळीची विनंती: पहिल्या तासाला गोष्ट सांगू नकोस. घर सोडून परक्या देशात गेलेल्या माणसाची ही गोष्ट; पण २००६ सालच्या या पुस्तकात वाचता येईल असा एकही शब्द नाही. गोष्टीतल्या नव्या शहराची लिपीसुद्धा चित्रकाराने मनाने रचलेली आहे. त्यामुळे तिथे उतरलेल्या माणसाइतकीच मुलंही अडाणी ठरतात. तू अर्थ सांगायला लागलीस की ते सगळं वाया गेलं.

सुरुवातीचं पान पुरे. कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, बॅग, घरच्यांचं चित्र. चौघांत एक प्रत दे आणि फक्त विचार, “काय दिसतंय?” “काय वाटतंय?” नंतर. मधली शांतता लांबली तरी घाबरू नकोस.

जाहिराती चिकटवायचं काम मिळालेला तो माणूस त्या उलट्या चिकटवतो, कारण त्याला अक्षरंच कळत नाहीत. मुलं आधी हसतात. हसू दे. मग तेच पान पुन्हा उघड. माझ्या वर्गात तेव्हा बिहारहून आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, मी पण बसची पाटी रंगावरून ओळखायचे.”

पण “तुझं सांग” असं कुणालाही नावाने उठवू नकोस. गाव सोडण्यामागे काय असतं, ते आपल्याला ठाऊक नसतं. कोरे चौकोन आखून दे, ज्याला हवं तो त्यांत आपली गोष्ट काढेल. ते फळ्यावर लावायचे की नाही, हेही त्यालाच ठरवू दे.