वाचकांचे प्रश्न : जुन्या गेम कन्सोलचं चित्र स्वच्छ कसं करावं?

प्रश्न : माझ्याकडे सेगा मेगा ड्राइव्हचं पहिलं मॉडेल आहे, एनटीएससी (जपान-अमेरिकेतली टीव्ही पद्धत). पिवळ्या केबलवर लाल रंग पसरतो आणि बारीक नक्षीवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. आत कोणता बदल करू?

उत्तर : आत काहीच करू नका, आधी केबल बदला. या यंत्राच्या मागच्या गोल सॉकेटवर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही सिग्नल कंपनीनेच वेगवेगळे दिलेले आहेत. पिवळी केबल त्यांना हात लावत नाही. ती फक्त कंपोझिट उचलते.

पट्ट्यांचं कारण कंपोझिटमध्येच आहे. त्यात उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात आणि रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झवर असते. ३२० पिक्सेल रुंदीच्या मोडमध्ये यंत्राचं पिक्सेल घड्याळ सुमारे ६.७१ मेगाहर्ट्झ चालतं. एकाआड एक पिक्सेल उजळ-गडद काढला की त्याची वारंवारता साधारण ३.३६ होते. ती रंगाच्या लहरीला इतकी खेटून असते की टीव्ही नक्षीलाच रंग समजतो. एनकोडर चिप (तीन रंगांच्या सिग्नलमधून कंपोझिट बनवणारी) नवी बसवली तरी हा घोळ पूर्ण जात नाही.

आरजीबी केबल, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून नेणारी, घरी बनवता येते. पिनांचे तक्ते उलटसुलट छापलेले सापडतात (कुणी सॉकेटकडून बघून काढतो, कुणी प्लगकडून), म्हणून स्वतः मोजा. झाकण उघडा, वीज काढा, एनकोडर चिपवरचा नंबर वाचा. सीएक्सए ११४५ असेल तर तिचा २३ नंबरचा पाय लाल, २२ हिरवा, २१ निळा. ओहमवर ठेवलेल्या मल्टिमीटरचं एक टोक त्या पायावर आणि दुसरं सॉकेटच्या एकेका पिनेवर ठेवा. बीपची वाट बघू नका; मध्ये ७५ ओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे योग्य पिनेवर साधारण तेवढाच आकडा येईल. सिंक (प्रत्येक रेषा आणि फ्रेम कुठे सुरू होते ते टीव्हीला सांगणारा सिग्नल) १० नंबरच्या पायावर येतो, त्याची पिनही अशीच शोधा.

केबलमध्ये तिन्ही रंगांच्या तारांवर प्रत्येकी २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, धन टोक कन्सोलकडे. इथे हाताशी आहे म्हणून १० मायक्रोफॅरडचा लावू नका. टीव्हीचे ७५ आणि कन्सोलचे ७५ ओहम धरले तर त्याची खालची सीमा (जिच्याखालचे सावकाश बदल अडतात) १०६ हर्ट्झच्या आसपास जाते आणि पडद्याचा उजेड वरून खाली बदलत जातो. २२० ने ती ५ हर्ट्झखाली येते. रंगांच्या तारांवर केबलमध्ये पुन्हा ७५ ओहम घालू नका, नाहीतर सिग्नल दोन तृतीयांश उरतो आणि सगळं चित्र मंद दिसतं. सिंक मात्र ५ व्होल्टचा लॉजिक सिग्नल आहे. त्यावर ४७० ओहम लावा. मोजताना मध्ये आधीच रेझिस्टर दिसला असेल तर तेवढा वजा करा. आवाज या सॉकेटवर मोनोच मिळतो. स्टिरिओ हवा असेल तर पुढच्या हेडफोन जॅकवरून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. काही गेममध्ये धबधबे, सावल्या जाळीदार ठिपक्यांनी काढलेल्या असतात. कंपोझिटवर ते मिसळून पारदर्शक दिसतात, आरजीबीवर ठिपके उघडे पडतात. तो तुमच्या केबलचा दोष नाही.

प्रश्न : आरजीबी केबल लावली. चित्र सुरेख आलं, पण एकरंगी निळ्या आकाशावर फिकट उभ्या रेघा दिसतात. कपॅसिटर बदलू का?

उत्तर : रेघांकडे नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं. उभ्या आणि स्थिर रेघा म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाशी जुळलेला गोंगाट. तिरक्या, सरकणाऱ्या रेघा बाहेरून येतात, बहुतेक वेळा स्वस्त स्विचिंग अडॅप्टरमधून. वर-खाली फिरणारा जाड आडवा पट्टा दिसला तर वीजपुरवठ्यातला रिपल (डीसीत उरलेली लहर) धरा.

तुमच्या रेघा पहिल्या जातीच्या आहेत. सीएक्सए ११४५ च्या ६ नंबरच्या पायावर रंगाची उपवाहक लहर (वर सांगितलेली ३.५८ मेगाहर्ट्झची) येते आणि चिपच्या आत ती आरजीबीत पाझरते. तो पाय बोर्डापासून सोडवला की रेघा जातात. किंमत अशी की कंपोझिट चित्र कृष्णधवल होतं. फक्त आरजीबीच वापरत असाल तर बेलाशक करा. ट्रॅक कापण्यापेक्षा पाय उचलणं बरं, कारण तो पुन्हा टेकवता येतो. मधे लांब तारेवर स्विच घालायचा मोह टाळा; ती तार तीच लहर सगळीकडे पसरवते.

जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला हरकत नाही, पण या रेघा त्याने क्वचितच जातात. अडॅप्टर बदलताना मात्र ध्रुव तपासा : पहिल्या मॉडेलला मधली पिन ऋण लागते, दुसऱ्याला धन.

प्रश्न : १९८३ च्या मूळ फॅमिकॉमला (निन्टेंडोचा जपानी कन्सोल) फक्त अँटेनाचं आउटपुट आहे. त्यातून आरजीबी निघेल का?

उत्तर : नाही. त्याची चित्र-चिप आतल्या आतच थेट कंपोझिट बनवते. आरजीबी कुठल्याच पायावर येत नाही. त्यासाठी चिप बदलावी लागते किंवा तिच्यासोबत वेगळा बोर्ड बसवावा लागतो. स्वच्छ कंपोझिट मात्र सहज मिळतं आणि अँटेनाच्या तुलनेत फरक मोठा आहे.

चित्र-चिपचा २१ नंबरचा पाय बोर्डापासून उचला. हे टाळून नुसती तार जोडली तर जुना ट्रॅक शेजारच्या डिजिटल रेषांचा गोंगाट आणतच राहतो. पायावरून आखूड तार २एसए१०१५ ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टर ग्राउंडला (० व्होल्टला), एमिटर ३०० ओहममधून ५ व्होल्टला. एमिटरवरूनच ११० ओहम आणि पुढे २२० मायक्रोफॅरड, धन टोक एमिटरच्या बाजूला, मग सॉकेट. आवाज कार्ट्रिज सॉकेटच्या ४६ नंबरच्या पिनेवरून घ्या. ४५ वरून घेतला तर कार्ट्रिजमधल्या ध्वनिचिपचा आवाज येणार नाही.

नेहमी चुकतं ते ट्रान्झिस्टरच्या पायांत. सपाट बाजू आपल्याकडे धरली की २एसए१०१५ मध्ये क्रम एमिटर, कलेक्टर, बेस असतो, तर २एन३९०६ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. बदली घालताना पाय फिरवले नाहीत तर पडदा काळा राहतो.

प्रश्न : आरजीबी थेट संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरला जोडता येईल?

उत्तर : नाही. कन्सोलची आडवी वारंवारता १५.७ किलोहर्ट्झ आहे, व्हीजीए ३१ च्या आसपास सुरू होतो. मध्ये रेषा दुप्पट करणारं उपकरण लागेल, आणि ते २४० रेषांचं चित्र तसंच ओळखणारं हवं. बरेच नवे टीव्ही आणि साधे कन्व्हर्टर त्याला ४८० इंटरलेस्ड (सम आणि विषम रेषा आळीपाळीने दाखवणारं) समजून दोन फ्रेम मिसळतात. मग एका फ्रेमआड लुकलुकणारी सावली कधी गायब होते, कधी घट्ट काळी राहते. उपकरण घेण्याआधी फक्त हीच एक चाचणी बघून घ्या.