रिकाम्या काट्यावर २७ किलो

प्रश्न : आमचा पंप कंट्रोलर आय.एमएक्स ६ या ३२ बिटांच्या चिपच्या बोर्डावर चालतो, बिल्ड योक्टोच्या (उपकरणासाठी लिनक्स बांधायची साधनं) किर्कस्टोन आवृत्तीवर. ड्रायव्हर आम्हीच लिहिलाय, कर्नलच्या झाडाबाहेर, म्हणजे त्याच्या मूळ सोर्सपासून वेगळा. त्याचं हेडर (डेटाची मांडणी सांगणारी फाइल) ॲपलाही लागतं, म्हणून मी लिनक्स-लिबसी-हेडर्स या रेसिपीला (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) बीबीअपेंड ही पुरवणी जोडून ते त्यात घुसवलं. चालतं, पण हेडरमध्ये एक ओळ बदलली की अख्खं बिल्ड पहिल्यापासून. सहकारी म्हणतो, हेडर ॲपच्या सोर्समध्ये कॉपी कर आणि मोकळा हो. काय करू?
— एक वाचक, चाकण

उत्तर : सहकाऱ्याचं ऐकू नका. मी एकदा ऐकलं होतं.

दूध संकलन केंद्रावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं काम होतं. ड्रायव्हरच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे डेटाच्या साच्यात, दोनच रकाने : वजन, ग्रॅममध्ये, आणि स्थिती. ॲपच्या फोल्डरात त्याच हेडरची कॉपी, मीच टाकलेली. पुढे लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) तापमानाचा हिशेब धरायचा म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्या मुलाने तापमानाचा रकाना वाढवला, तोही सगळ्यात वर. मिलीडिग्रीत, कर्नलमधल्या रिवाजाप्रमाणे. माझी कॉपी जुनीच राहिली. दोन्हीकडे कंपाइल बिनतक्रार.

मग केंद्राच्या सचिवांचा फोन. ‘मॅडम, काट्यावर कॅन नाही आणि २७ किलो ४०० दाखवतोय.’ पहाटे त्याच रिकाम्या काट्यावर १९ किलो, दुपारी ३१. दोन दिवस आम्ही लोडसेलला दोष दिला, एक बदललासुद्धा. शेवटी सचिवच वैतागून म्हणाले, ‘ऊन चढलं की याचं वजन चढतं.’ तेव्हा ट्यूब पेटली. २७,४०० मिलीडिग्री तापमान ॲप २७,४०० ग्रॅम म्हणून वाचत होतं. आणि वजनाचा खरा शून्य जाऊन बसला होता स्थितीच्या रकान्यात, जिथे शून्याचा अर्थ ‘सगळं ठीक’! शिवाय ड्रायव्हर १२ बाइट लिहीत होता, ॲपने जागा ठेवली होती ८ ची. उरलेले ४ बाइट स्टॅकवर कुठे सांडत होते देव जाणे.

हे पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं, पण आयऑक्टलचा, म्हणजे ॲप ड्रायव्हरला देतं त्या आज्ञेचा, नंबर आम्ही हातानेच ठोकून दिला होता. आयओआर, आयओडब्ल्यू हे मॅक्रो वापरले, तर त्या ३२ बिटांच्या नंबरात १४ बिट स्ट्रक्टच्या आकाराचे असतात. आकार बदलला की नंबरच बदलतो, ड्रायव्हर त्याला ओळख देत नाही आणि ॲपच्या हाती ईनॉटटीवाय हा एरर येतो. या एररचा जुना अर्थ ‘हा टाइपरायटर नाही’. काट्याला टाइपरायटर नाहीस म्हणून सुनावलेलं परवडलं असतं. तुमचे नंबर कसे बनवलेत ते आधी बघा. स्ट्रक्टमध्ये कुठे ‘लाँग’ असेल तर काढून __यू३२, __एस३२ हे कायम ३२ बिटांचे प्रकार घाला. उद्या ६४ बिटांच्या आय.एमएक्स ८ वर गेलात की लाँग ४ चा ८ बाइट होतो.

आता तुमचं बीबीअपेंड. लिनक्स-लिबसी-हेडर्स हा पाया आहे. त्यावर जीलिबसी ही सी लायब्ररी उभी आणि तिच्यावर बाकीचं सगळं. पायातली वीट हलवलीत तर बिटबेक (योक्टोचं बांधकाम करणारं साधन) वरचे मजले पुन्हा बांधणारच. त्या रेसिपीच्या इंक फाइलमध्येच (रेसिपींनी वाटून घ्यायचा मजकूर असलेली फाइल) भलीमोठी कॉमेंट आहे, की बाबांनो, इथे हात लावू नका. मीही ती उशिराच वाचली.

ड्रायव्हर कर्नलच्या झाडात असता तर हेडर इन्क्लूडखालच्या यूएपीआय फोल्डरात (ॲपना लागणारी हेडरं तिथे असतात) ठेवून ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ने काढता आलं असतं. तुमचा बाहेर आहे, तेव्हा एक रिपॉझिटरी आणि दोन रेसिपी करा. हेडर ड्रायव्हरच्याच रिपॉझिटरीत राहू द्या. एक रेसिपी नेहमीची, मॉड्यूल बांधणारी. दुसरी काहीच बांधत नाही : कॉन्फिगर, कंपाइल दोन्ही नोएक्झेक, म्हणजे न चालवता सोडलेले, फक्त ते हेडर यूएसआर-इन्क्लूडमध्ये तुमच्या नावाच्या सबफोल्डरात टाकते. सोर्सचा पत्ता आणि एसआरसीरेव्ह (सोर्सची नेमकी कोणती आवृत्ती) दोघींनी एकाच इंक फाइलमधून घ्यायचे, म्हणजे एक पुढे आणि एक मागे असं होत नाही. ॲपच्या डिपेंड्समध्ये (आधी काय बांधायचं त्या यादीत) ही दुसरी रेसिपी. त्यामुळे ॲप बांधायला कर्नल बांधून होण्याची वाट बघावी लागत नाही, आणि हेडर बदललं तर त्यावर अवलंबून असलेलंच पुन्हा बांधलं जातं.

एका ठिकाणी अडाल. या रेसिपीचं मुख्य पॅकेज रिकामं असतं, म्हणून ते तयारच होत नाही. हेडर ज्यात असतं ते डेव्ह पॅकेज त्याच्यावर टेकलेलं, त्यामुळे एसडीकेत (ॲपवाल्यांना द्यायच्या साधनसंचात) हेडर येत नाही आणि ॲपवाले तुमच्या नावाने बोटं मोडतात. ‘अलाऊ_एम्प्टी’ १ करा. किर्कस्टोनमध्ये त्यापुढे पॅकेजचं नाव कोलनने जोडायचं, जुन्या ब्लॉगांतल्यासारखं अंडरस्कोरने नाही. नमुना हवा असेल तर मेटा-फ्रीस्केल लेयरमधली लिनक्स-आयएमएक्स-हेडर्स ही रेसिपी उघडा. आय.एमएक्सची खास हेडरं ती ‘आयएमएक्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवते, लिबसीच्या हेडरांना धक्का न लावता.

हे सगळं झालं की ॲपच्या सोर्समध्ये हेडरची एखादी कॉपी पडली आहे का ते शोधा. सहकाऱ्याने आधीच टाकली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. इन्क्लूडच्या ओळीत हेडरचं नाव अवतरणचिन्हात असेल, तर कंपायलर आधी शेजारची फाइल उचलतो, आणि तुमची नवी रेसिपी नुसती शोभेला राहते.