आवडत्या बँडच्या कॉलेजच्या काळातल्या कॅसेटवर मित्रांचे आवाजही आहेत. त्या कॉम्प्युटरवर कशा उतरवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की अकरा कॅसेट आहेत. काही विकत घेतलेल्या, बाकीच्या भरून घेतलेल्या, आणि तीन कॅसेटवर गाण्यांच्या मध्ये मित्रमैत्रिणींचं बोलणं, गाण्याआधी केलेली घोषणा, कुणीतरी सोबत म्हटलेली ओळ असं बरंच काही आहे. चालू प्लेअर घरात नाही, म्हणून स्वस्तातला यूएसबी प्लेअर घ्यावा का, असं विचारलंय.

प्लेअरकडे नंतर येतो. आधी कॅसेटचे ढीग करा. बोलणं असलेल्या तीन कॅसेट सगळ्यांत महत्त्वाच्या, कारण जगात त्यांची दुसरी प्रत नाही. त्यानंतर भरून घेतलेल्या, कारण त्यांतला गाण्यांचा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो. विकत घेतलेले अल्बम शेवटी. ते आज याहून स्वच्छ आवाजात मिळतात. फक्त एक गोष्ट तपासा: आज ऐकायला मिळणारी आवृत्ती तीच आहे का? बीटल्सचे स्टुडिओ अल्बम २००९ मध्ये नव्याने रीमास्टर झाले, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज पुन्हा साफसूफ केला गेला, आणि २०१७ पासून त्यांतल्या काहींचं मिक्सिंगच नव्याने झालं, त्यामुळे वाद्यांच्या जागाही बदलल्या. शिवाय कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या भराव्यात म्हणून कंपन्या कधीकधी गाण्यांचा क्रम बदलत. एक गाणं संपताच पुढचं कोणतं लागणार हे तुमच्या कानाला पाठ असेल आणि आजच्या आवृत्तीत ते चुकत असेल, तर ती विकतची कॅसेटही उतरवून ठेवा.

काम मात्र उलट्या क्रमाने करा. हात बसवायला विकतची कॅसेट घ्या, मौल्यवान तीन शेवटी.

आता प्लेअर. स्वस्त यूएसबी प्लेअर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅसेटचं रीळ, म्हणजे आतली चुंबकीय फीत, ३.८१ मिलिमीटर रुंद असतं, त्यावर दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवलेले असतात. डाव्या किंवा उजव्या एका चॅनलच्या वाट्याला जेमतेम ०.६ मिलिमीटर येतात आणि रीळ सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकतं. इतक्या बारीक मापात मोटरचा वेग थोडा डळमळला की लांबलेले सूर थरथरतात. स्वस्त यंत्रांत हाच दोष सर्वाधिक आढळतो आणि तो नंतर काढणं फार अवघड. जुना घरगुती डेक (स्टीरिओला जोडायचा मोठा कॅसेट प्लेअर), नवे बेल्ट घालून आणि पिंच रोलर, म्हणजे रीळ पुढे ओढणारं रबरी चाक, तपासून घेतलेला, यापेक्षा कितीतरी बरा. डेक दोन-तीन आठवड्यांसाठी उसना मिळाला तरी पुरे.

कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी रेकॉर्डिंगचे कान, म्हणजे उघड्या कडेच्या विरुद्ध कडेवरचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे, तोडा; ते नसले की डेक त्या बाजूवर नवं काही भरत नाही. कॅसेटची उघडी कड खाली आणि ए बाजू तुमच्याकडे धरली, तर वरचा डावा कान ए बाजूचा आणि उजवा बी बाजूचा. भरून घेतलेल्या कॅसेटचे कान बहुधा शाबूत असतात, आणि चुकून एक बटण दाबलं गेलं तर तो आवाज कायमचा जातो.

मग खिडकीतून रीळ बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवू नका, वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. बुरशी हेडवरून (रिळावरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. उघड्या कडेच्या मध्यावर तांब्याच्या पट्टीवर बसवलेली लहानशी नमद्याची गादी असते. जुना गोंद सुकला की ती गळून पडते आणि आवाज बारीक, दबलेला येतो. अशा वेळी रीळ खराब झालंय असं समजून लोक कॅसेट टाकून देतात, खरं तर गादी बदलली की झालं. पाच स्क्रूंची कॅसेट सहज उघडते. चिकटवून बंद केलेली असेल तर कवच कडेने जपून फोडायचं आणि रीळ दुसऱ्या स्क्रूच्या कवचात हलवायचं. तुटलेलं रीळ जोडायला साधी चिकटपट्टी अजिबात वापरू नका, तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागतो. स्प्लायसिंग टेपच हवी, आणि तीही हेडला न टेकणाऱ्या मागच्या बाजूने.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रिळाचे वेढे एकमेकांना धरून बसतात. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. ९० मिनिटांच्या कॅसेटचं रीळ ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असतं, १२० मिनिटांचं तर फारच पातळ. ते जोरात फिरवू नका, साधं प्लेवर चालवून पुढे न्या. हेड, कॅपस्टन (पिंच रोलरसमोर फिरणारी धातूची दांडी) आणि रिळाला वाट दाखवणारे गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, प्रत्येक दोन-तीन कॅसेटनंतर. रबरी पिंच रोलर मात्र किंचित ओल्या कापडाने पुसा, अल्कोहोलने काही रबर कडक होतात.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि आवाज तिथेच मरतो. तिला अझिमथ म्हणतात: हेडमधली फट रिळाशी बरोबर काटकोनात आहे की नाही. कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल आणि तुमचा डेक अगदी सरळ असेल, तरी वरचे सूर गायबच होतील. झांजा बोथट, बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ पुसट. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो, तो फिरवायचा. आधी त्याची मूळ जागा बारीक खुणेने नोंदवा. डेक कॉम्प्युटरला जोडून (कसा ते पुढे आहे) त्याच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र, चालू करा, कारण मोनोमध्ये तिरकेपणा लगेच कळतो. झांजा असलेला भाग लावून स्क्रू अगदी हळू, पाव वळशाच्या आत, दोन्हीकडे फिरवून पाहा. आवाज अचानक उघडतो ती जागा. पेचकस चुंबकीय नसावा. एकाच कॅसेटवर दोन वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेली गाणी असतील तर ही जागा गाण्यागणिक बदलेल, मग ती बाजू दोनदा उतरवावी लागते.

डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेचं, बटण अझिमथ लागल्यावरच दाबून पाहा. डॉल्बी बी वरच्या सुरांतली खरखर साधारण १० डेसिबल कमी करते, सी सुमारे २०, पण भरतानाही तीच डॉल्बी चालू असली तरच. नसताना लावली तर आवाज गढूळ होतो. कॅसेटवर खूण नसेल आणि कानाला खात्री वाटत नसेल तर बंद ठेवा. क्रोम (वेगळ्या लेपाच्या, ‘टाइप २’) कॅसेटसाठी ७० आणि साध्यासाठी १२० मायक्रोसेकंदांचं सेटिंग असतं. बरेच डेक ते मागच्या खाचा ओळखून आपोआप लावतात.

डेकच्या मागच्या लाइन आउट या आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून वायर काढा, हेडफोनच्या भोकातून नको. लॅपटॉपला असतो तो बहुधा माइकचा मोनो सॉकेट, त्यामुळे लाइन इनपुट असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज कॉम्प्युटरला देणारी छोटी पेटी, लागतो. सिस्टीममधली आवाज आपोआप वाढवणारी आणि गोंगाट दाबणारी सगळी सेटिंग बंद करा. ती चालू राहिली तर शांत जागी खरखर फुगते आणि बोलणं सुरू होताच दबते. सलग घरघर ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बहुतेकदा दोष तिथेच असतो. आवाज भरण्याच्या ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यांत मोठा आवाज मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी लावा. स्टीरिओमध्ये मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला दीड जीबीहून थोडं जास्त. फ्लॅक (FLAC) या फाइल प्रकारात साठवलं तर बरीच जागा वाचते आणि आवाजातलं काहीच जात नाही.

पूर्ण बाजू एका दमात उतरवा. गाण्यागाण्याला थांबवू नका. बटण दाबल्याचा खटका, दोन गाण्यांमधली शांतता, बाजू संपल्यामुळे मध्येच तुटलेलं शेवटचं गाणं, हे सगळं त्या कॅसेटचाच भाग आहे. या मूळ फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. साफसफाई, तुकडे, जे काही करायचं ते प्रतीवर.

वेग तपासायला तुमच्याकडे तयार फूटपट्टी आहे: बँडचं मूळ गाणं. पहिल्या ठोक्यापासून ओळखीच्या शेवटच्या ठोक्यापर्यंतचा वेळ दोन्हीकडे मोजा. मूळ २४० सेकंद आणि तुमच्याकडे २३४ भरले, तर वेग उणे २.५ टक्के करायचा. पट्टी आणि लय दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा, नुसती पट्टी बदलणारा नको. बॅटरी उतरलेल्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आज जलद वाजते, आणि बाजूच्या शेवटाकडे फरक वाढत जातो, म्हणून सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन गाणी मोजा. गाण्याच्या अलीकडेपलीकडे त्याच रेकॉर्डरवर बोलणं भरलेलं असेल तर याच हिशोबाने मित्रांचे आवाजही त्यांच्या खऱ्या पट्टीत येतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं फळ हेच.

खरखर काढताना प्रोग्रॅमला नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो; तो गाण्यांमधल्या कोऱ्या रिळाचा घ्या. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर लेपच नसतो, तो नमुना निरुपयोगी. सहा डेसिबलच्या पुढे जाऊ नका, नाहीतर बोलण्यामागे पाण्याखालून आल्यासारखी किणकिण सुरू होते. त्यापेक्षा खरखर परवडली.

आणि कागद विसरू नका. आतल्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी, कॅसेटच्या लेबलचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, खाडाखोडीसकट. प्रत्येक फाइलसोबत साधी मजकुराची फाइल ठेवा: कुणी भरली, साधारण कोणत्या वर्षी, कशावरून भरली, कितव्या मिनिटाला कोण बोलतंय. आवाज ओळखू येत नसतील तर फाइल त्या मित्रांना पाठवा आणि ऐकताना त्यांना जे आठवतं ते मिनिट-सेकंदासह लिहून मागा. हे काम लवकर करा. आवाज फाइलमध्ये टिकतो, पण तो कुणाचा हे सांगणारी माणसं कायम हाताशी नसतात.

शेवटी तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. कॅसेट टाकून देऊ नका. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत उभ्या, उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. उतरवताना काही चुकलं असेल तर पुन्हा तिच्याकडेच यावं लागेल.