मुलगा दुसरीत आहे, त्रेपन्न सांगितलं की ३५ लिहितो. घरी अभ्यास कसा घ्यावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, रोज संध्याकाळी तासभर घेऊन बसता तरी आकडे उलटेच लिहितो. ट्यूशन लावू का आणि घरात मालवणी बोलणं बंद करू का, असंही विचारलंय. माझी दोन मुलं देवगडजवळच्या एका दोनशिक्षकी शाळेत आहेत. धाकट्याचं अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहिते.

आधी ते ३५. त्यात पोराची चूक निम्मीच, उरलेली आपल्या भाषेची. त्रेपन्न मोठ्याने म्हणून बघा. कानावर आधी 'त्रे' पडतं, मग 'पन्न'. पोरगं ऐकलं त्याच क्रमाने लिहितं, आधी ३, मग ५. सत्तावीस, अठ्ठेचाळीस, पंच्याहत्तर, सगळीकडे एकक पुढे. त्यात एकोणसाठ म्हणजे आणखी ताप. नाव साठाचं घ्यायचं आणि लिहायला सुरुवात करायची ५ पासून! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढी चेष्टा झाली होती. मीही हसले होते. धाकटा दुसरीत गेला आणि हसू आटलं.

तीन महिने मी "लक्ष खय असता तुझा?" एवढंच करत होते. मग शाळेतल्या बाईंनी सांगितलं, घोकून घेऊ नका, हातात काहीतरी द्या. पडवीत वाडवणीसाठी, म्हणजे खराट्यासाठी, काढलेले माडाचे हीर (झावळीच्या पात्यांमधल्या काड्या) पडले होते. त्यांचे वीतभर तुकडे केले, दहा-दहाच्या जुड्यांना रबर लावलं, थोडे सुटे ठेवले. म्हटलं, "त्रेपन्न दी." त्याने तीन जुड्या आणि पाच सुटे पुढे केले. मी काही बोलले नाही, त्यालाच मोजायला लावलं. दहा, वीस, तीस, एकतीस, बत्तीस... पस्तिसावर थांबला. माझ्याकडे बघितलं, गुपचूप आणखी दोन जुड्या ओढल्या आणि दोन सुटे परत ढिगात टाकले. मग जुड्या डावीकडे, सुटे उजवीकडे मांडायचे आणि त्याच्याखाली पाटीवर आकडा लिहायचा, एवढंच रोज. पंधरा-वीस दिवस लागले. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत अजूनही गोंधळतो, पण आता स्वतःच थांबून विचार करतो.

तासभर बसवू नका. सात वर्षांच्या पोराला पंधरा मिनिटं खूप झाली, त्यापुढे ते फक्त घड्याळ बघतं आणि आपला आवाज चढतो. आणि आपण शिकलो तसंच शिकवायचा हट्टही नको. वजाबाकीत आपण 'उसने' घ्यायचो, आता 'दशक सुटा' करतात. मी माझी रीत दाखवली तर तो रडायलाच लागला, "बाई असा शिकवणत नाय." तेव्हापासून मी त्यालाच शिकवायला सांगते. तो अडला की कुठे अडतोय ते मला आपोआप कळतं.

मालवणी मुळीच बंद करू नका! यावर माझं जरा ठाम मत आहे. धाकट्याने रविवारबद्दल वहीत लिहिलं होतं, "पप्पान माका बंदरार न्हेल्यान. थय मोठो सुरमय बघलंय." बाईंनी लाल रेघ मारली नाही. शेजारी लिहून दिलं, "पप्पांनी मला बंदरावर नेलं. तिथे मोठी सुरमई बघितली." दोन्ही वाचून घेतलं. घरात जबरदस्तीने पुस्तकी बोललो असतो तर त्याला सांगायलाच काही सुचलं नसतं. आमच्याकडे संध्याकाळी "आज शाळेत काय झाला ता आजयेक सांग" हा नेमच आहे. आजी दहा प्रश्न विचारते, त्यात अर्धी उजळणी होते. वाचनासाठी म्हणाल तर एसटीच्या पाट्या. 'मालवण व्हाया आचरा', 'कुणकेश्वर', जोडाक्षरं फुकटात.

थोरली चौथीत आहे. तिच्यासाठी एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या असतातच. पाच डझनी किती, सहा डझनी किती, बाराचा पाढा वेगळा घ्यावा लागला नाही. पाऊण मात्र तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते आजोबांनी भरतीवर शिकवलं. कालनिर्णयवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, अदमासे तेवढ्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आता कुर्ल्या (खेकडे) धरायला ओहोटीला कधी जायचं ते तीच सांगते, भरतीच्या वेळेत साधारण सहा तास मिळवून.

ट्यूशन दुसरीला नकोच. त्यापेक्षा बाईंना भेटा आणि 'या आठवड्यात काय घेताय' एवढंच विचारा. घरी तेवढंच घ्या, पुढचं नको. शाळा चालू असताना मात्र जाऊ नका. दोनशिक्षकी शाळेत एकेक जण दोन-तीन वर्ग सांभाळत असतात, मान वर करायला वेळ नसतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निवांत बोलतात.

आणि हीर घ्याल ते चांगले सुकलेले घ्या, ओले असले तर सुकून बारीक होतात आणि जुड्या सैल पडतात. टोकं आधी कापून टाका, डोळ्यात जातात.