बजेटमध्ये नाव आलं, पैसा कुठाय?

प्रश्न : अमळनेरजवळ आमच्या गावात रस्त्याची खडी कधीची पडलीय, त्यावर आता गवत उगवलं, बजेटमध्ये नाव आहे म्हणतात मग पैसा अडतो कुठं?

उत्तर : ऐका भो, बजेट मांडलं म्हणजे नुसता अंदाज मांडला, मग खात्याखात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर विधानसभेत मतदान होतं, विधान परिषद फक्त चर्चा करते, आणि वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर, त्याला गिलोटिन म्हणतात (मला तर हे खटकतंच). त्यानंतर विनियोजन विधेयक, म्हणजे खर्चाला कायद्याची मंजुरी, राज्यघटनेचं कलम २०४, ते पास झाल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, रुपया निघत नाही. राष्ट्रपती राजवट असली की हेच काम संसद करते, मार्च २०२५ मध्ये मणिपूरचं बजेट दिल्लीत लोकसभेत मांडलं होतं. तुमची खडी मात्र बहुतेक निधी वितरणाच्या जीआरसाठी, म्हणजे पैसे सोडायच्या सरकारी आदेशासाठी, थांबलीय.