पैसे घेण्याची युरोपीय वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे मराठी मंडळ दक्षिण जर्मनीत नोंदणीकृत संस्था आहे. सभासद दोनशेच्या आसपास. वार्षिक वर्गणी आणि गणेशोत्सवाची तिकिटे आम्ही पेपालवर घेतो. दर वेळी कापली जाणारी रक्कम डोळ्यांत खुपते, शिवाय मंडळाचा पैसा अमेरिकी सेवेवर अवलंबून नको असेही कार्यकारिणीचे म्हणणे आहे. त्याऐवजी कोणती युरोपीय सेवा घ्यावी? (मंडळाचे खजिनदार)

उत्तर : वर्गणी आणि तिकिटे वेगवेगळी धरा. वर्गणीसाठी मध्यस्थ सेवाच नको. जर्मनीतल्या क्रीडामंडळांची, गायनमंडळांची वर्गणी ज्या रीतीने गोळा होते तीच तुमच्यासाठी योग्य: लास्टश्रिफ्ट, म्हणजे सभासदाच्या लेखी संमतीने त्याच्या खात्यातून मंडळाने रक्कम ओढून घेणे.

त्यासाठी आधी बुंडेसबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, संकेतस्थळावर अर्ज करून मंडळाच्या नावाने वसुली करणाऱ्याचा ओळख क्रमांक घ्या. तो मोफत मिळतो. डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण १८ चिन्हांचा असतो. मग तुमच्या बँकेशी वसुलीचा करार करा. हा करार नसेल तर ओळख क्रमांक हातात असूनही बँक तुमची फाइल घेणार नाही. त्यानंतर प्रत्येक सभासदाकडून संमतिपत्र, म्हणजे मँडेट, भरून घ्या. त्यावर मंडळाचे नाव, हा ओळख क्रमांक, सभासदाचे नाव-पत्ता, आयबॅन (युरोपात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), तारीख, सही आणि एक संदर्भ क्रमांक हवा. संदर्भ जास्तीत जास्त ३५ चिन्हांचा असू शकतो. सभासद क्रमांक आणि नोंदणीचे वर्ष एवढे पुरते. नवरा-बायको दोघे सभासद असले तरी खाते ज्याचे, सही त्याची.

रक्कम ओढण्यापूर्वी १४ दिवस सूचना द्यावी लागते. आधी तसे ठरले असेल तर मुदत कमी करता येते. आमच्या मते ती कमी करू नका. त्या एकाच ईमेलमध्ये रक्कम, तारीख, संदर्भ आणि ‘खाते बदलले असल्यास आठवड्याभरात कळवा’ ही ओळ घाला. मंडळांच्या वसुलीत रक्कम परत येण्याचे नेहमीचे एक कारण म्हणजे सभासद नोकरी बदलून दुसऱ्या देशात किंवा कायमचा भारतात गेलेला असतो आणि खाते बंद झालेले असते. परतीचा संकेत एसी०४ असेल तर खाते बंद आहे, एएम०४ असेल तर शिल्लक नाही. पण जर्मन बँका बहुधा एमएस०३ एवढेच कळवतात, म्हणजे कारण सांगितलेले नाही. अशा वेळी रक्कम पुन्हा ओढू नका, सभासदाला फोन करा; प्रत्येक परतीचा आकार मंडळाच्याच माथी बसतो.

तीन मुदती लक्षात ठेवा. ओढलेली रक्कम सभासद ८ आठवड्यांपर्यंत कारण न देता परत मागू शकतो. संमती नसतानाच ओढली असेल तर ही मुदत १३ महिने होते. आणि ३६ महिने न वापरलेले संमतिपत्र रद्द होते, सही नव्याने घ्यावी लागते.

तिकिटांसाठी बँकेच्या हस्तांतरणाचा क्यूआर कोड वापरा. जर्मनीत त्याला गिरोकोड म्हणतात. त्यात मंडळाचे नाव, आयबॅन, रक्कम आणि संदर्भ साध्या ओळींत भरलेले असतात आणि बहुतेक जर्मन बँकांची अॅप्स तो वाचतात. कोड तयार करताना रक्कम दशांश टिंबाने लिहा. जर्मन सवयीने स्वल्पविराम घातला तर अॅप कोड नाकारते किंवा रकमेची जागा रिकामी ठेवते. दुसरी चूक नावात होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे दाखवावे लागते. कोडमध्ये मंडळाचे लाडके आखूड नाव आणि बँकेत नोंदणीचे लांबलचक नाव असेल, तर ‘नाव जुळत नाही’ अशी सूचना येते आणि अर्धे लोक तिथेच थांबतात. बँकेच्या विवरणावर जे नाव छापलेले आहे तेच अक्षर न् अक्षर घ्या.

तात्काळ हस्तांतरण १० सेकंदांत पोचते आणि बँक त्यासाठी साध्या हस्तांतरणापेक्षा जास्त आकार घेऊ शकत नाही. तरीही सभागृहाच्या दारात यावर भिस्त ठेवू नका. दारावरच्या स्वयंसेवकाला मंडळाचे खाते दिसत नसते, आणि ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा टिक म्हणजे जमा झालेली रक्कम नव्हे. हस्तांतरणाने विक्री दोन दिवस आधी बंद करा, दारात रोख किंवा कार्डयंत्र ठेवा. आणि हस्तांतरण, लास्टश्रिफ्ट किंवा ग्राहकांची नेहमीची कार्डे यांवर ‘हाताळणी शुल्क’ लावू नका. जर्मनीत २०१८ पासून त्याला मनाई आहे. खर्च तिकिटाच्या दरातच धरा.

प्रश्न : आइंडहोव्हनमध्ये घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकते. दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीवर आहे. अमेरिकी सेवा सोडून मोली घ्यावी का? बदलताना काय बिघडू शकते? (एक वाचक)

उत्तर : घ्या. मोली ही दुकानांसाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी, २००४ साली सुरू झालेली अॅमस्टरडॅमची कंपनी, आणि लहान दुकानाला तिची रीत सोयीची पडते. अदियेनही अॅमस्टरडॅमचीच, पण तिचा रोख मोठ्या उलाढालीकडे आहे. तुमच्या दृष्टीने मात्र कंपनीपेक्षा मार्ग महत्त्वाचा. नेदरलँड्समध्ये ऑनलाइन खरेदीला लोक आयडील वापरतात: ग्राहक बँक निवडतो, बँकेचे अॅप उघडते, मंजुरी देतो, पैसे खात्यातून निघतात. त्यावर टक्केवारी नसते, दर व्यवहाराला ठरलेले काही सेंट जातात. कार्डाचा दर समजा १.८ टक्के अधिक २५ सेंट असेल, तर १२ युरोच्या मेतकूट-चटणीवर ४७ सेंट जातात, म्हणजे जवळपास ४ टक्के. लहान रकमेत मारतात ते हे वरचे २५ सेंट. त्यामुळे दर विचारताना टक्केवारीवर थांबू नका, तुमच्या सरासरी ऑर्डरवर हिशेब करून पाहा.

नोंदणीला केव्हीके (डच व्यापार नोंदणी) क्रमांक, ओळखपत्र आणि व्यवसायाशी जुळणारे बँक खाते लागते. संकेतस्थळही तपासले जाते. पत्ता, केव्हीके क्रमांक, विक्रीच्या अटी आणि किमतीसह माल दिसत नसेल तर मंजुरी लांबते. म्हणून फराळाच्या हंगामाच्या दोन महिने आधी अर्ज करा, दिवाळीच्या आठवड्यात नको.

जोडणी करताना आधी चाचणीची किल्ली, म्हणजे दुकान मोलीशी जोडणारा गुप्त संकेत, वापरा. मोलीत ती ‘टेस्ट’ने सुरू होते, खरी ‘लाइव्ह’ने. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पैसे मिळाल्याच्या निरोपात. ग्राहकाने पैसे भरले की मोली तुमच्या दुकानाला पाठीमागून निरोप पाठवते. त्यात फक्त व्यवहाराचा क्रमांक असतो. दुकानाने उलट विचारणा करून स्थिती घ्यायची असते. सुरक्षेच्या प्लगइनने तो निरोप अडवला किंवा दुकान ‘देखभाल सुरू’ स्थितीत राहिले, तर पैसे जमा होतात पण ऑर्डर ‘पेंडिंग’च दिसते. असा निरोप २६ तासांत १० वेळा येतो, मग थांबतो. पेंडिंग ऑर्डर दिसली की मोलीच्या फलकावर तिची स्थिती पाहा. तिथे ‘पेड’ असेल तरच डबा भरा, ‘ओपन’ असेल तर नाही.

‘धन्यवाद’ पानावरही विसंबू नका. बँकेच्या अॅपमध्ये मंजुरी देऊन ग्राहक तिथूनच फोन खिशात टाकतो, दुकानात परत येतच नाही. ऑर्डर पक्की करण्याचे काम पाठीमागच्या निरोपाकडेच ठेवा. शेवटी खऱ्या किल्लीने स्वतः एक लहान ऑर्डर द्या, पैसे भरा, मग परतावा करून तोही खात्यात पोचतो का हे पाहा.

आयडील आता युरोपीय बँकांच्या वेरो या पेमेंट सेवेकडे सरकत आहे; नाव आणि खूण बदलताना दिसेल. प्लगइन अद्ययावत ठेवा आणि बटणाचे चित्र स्वतः चिकटवू नका. जर्मनीतली अशीच सेवा गिरोपे २०२४ अखेर बंद झाली, तरी जुन्या दुकानांत तिची मेलेली बटणे उरलीच.

प्रश्न : पेपाल लक्झेंबर्गमधून आणि स्ट्राइप डब्लिनमधून चालते. मग त्या युरोपीयच नाहीत का? (पॅरिसहून एक वाचक)

उत्तर : परवाना युरोपचा, मालकी अमेरिकी. पेपालला लक्झेंबर्गमध्ये २००७ पासून बँकेचा परवाना आहे, त्यामुळे युरोपीय नियम तिला लागू होतात. निर्णय मात्र कॅलिफोर्नियात होतात. उलटही खरे आहे. डच कंपनीकडून कार्डाने पैसे घेतले तरी ते व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रुळांवरून धावतात. खरा बदल हवा असेल तर रूळ बदला. फ्रान्समध्ये बहुतेक बँक कार्डांवर व्हिसा किंवा मास्टरकार्डबरोबर सीबी या फ्रेंच कार्डव्यवस्थेचीही खूण असते, आणि २०१५ च्या युरोपीय नियमानुसार कोणता मार्ग वापरायचा हे पैसे भरणाऱ्याला ठरवता येते. दुकानदार असाल तर सीबी स्वीकारण्याची सोय सुरू आहे का विचारा. पोलंडच्या ग्राहकांसाठी सहा आकडी संकेताचे ब्लिक घ्या, बेल्जियमसाठी बँकाँटॅक्ट, स्पेनसाठी बिझुम. ग्राहक ज्या देशात आहे तिथली सवय आधी पाहा.

प्रश्न : मी पुण्यातून ग्राफिक डिझाइनचे काम करते. हॅम्बुर्ग आणि उत्रेख्तचे ग्राहक आहेत. मोलीत खाते उघडता येईल का?

उत्तर : नाही. त्यासाठी व्यवसाय युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन किंवा स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेला लागतो. युरोतल्या हस्तांतरणांची सेपा व्यवस्थाही भारतीय बँकेपर्यंत येत नाही, आणि आपल्याकडे आयबॅन नसतो. त्यामुळे ग्राहकाच्या बँकेचा साधा अर्ज तुमचा खाते क्रमांक घेणार नाही. परदेशी हस्तांतरणाचा वेगळा अर्ज निवडायला सांगा. बिलावर बँकेचा स्विफ्ट कोड, खात्यावर आहे तसे नाव आणि खाते क्रमांक द्या. मधल्या बँका वाटेत आकार कापतात, म्हणून खर्च पाठवणाऱ्याकडे राहील हे बिल देण्याआधीच ठरवा.

दुसरी वाट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालील सीमापार पेमेंट अॅग्रिगेटर, म्हणजे परदेशी ग्राहकाचे पैसे घेऊन तुमच्यापर्यंत पोचवणारी सेवा. अशा काही सेवा युरोपातला आयबॅन देतात, ग्राहक घरगुती हस्तांतरणासारखे पैसे भरतो. मर्यादा २५ लाख रुपये. कोणतीही सेवा घ्या, तीन गोष्टी आधी विचारा: प्रत्येक रकमेचे परकी चलन जमा झाल्याचे प्रमाणपत्र मिळते का, पर्पज कोड (रक्कम कशासाठी आली हे सांगणारा संकेत) तुमच्या कामाचाच लागतो का, आणि त्या दिवशीच्या बाजारदरापेक्षा विनिमयाचा दर किती कमी मिळतो. ते प्रमाणपत्र जपून ठेवा. निर्यात म्हणून जीएसटीतली सूट दाखवायला तेच लागते.

प्रश्न : नवी सेवा घेतल्यावर पेपालचे जुने खाते लगेच बंद केले तर चालेल?

उत्तर : नको. पेपालवर खरेदीदार १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो, म्हणून शेवटच्या विक्रीनंतर तेवढे दिवस खाते उघडे ठेवा, फक्त दुकानातले बटण काढा. दर महिन्याला आपोआप येणाऱ्या रकमा नव्या सेवेत स्वतःहून येत नाहीत. त्या ग्राहकांकडून संमती नव्याने घ्यावी लागते. खाते बंद करण्याआधी सगळ्या वर्षांचे व्यवहार फाइलमध्ये उतरवून घ्या. जर्मनीत हिशेबाच्या पावत्या ८ वर्षे ठेवाव्या लागतात, आणि बंद झालेल्या खात्यातून त्या पुन्हा मिळवणे जिकिरीचे होते.